राणीछाप आणि दंतमंजन

भिलाईच्या कोहक्यात खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, पोलादाच्या प्लांटमधलं खातं विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. माझ्या हातातला जेवणाचा डबा घेतला, बोटाच्या पेराने वाजवला, कानाशी नेला आणि म्हणाले, "झाकण दुसऱ्या डब्याचं आहे."

झाकण त्याच डब्याचं होतं. पण मी सकाळपासून घरं पाहून दमलो होतो. म्हटलं, "हो."

"वरची खोली तुमची," ते म्हणाले. "खरं बोलणारा माणूस आहे."

असे माझे घरमालक. त्यांची सगळी नोकरी प्लांटच्या रेल मिलमध्ये, रेल्वेचे रूळ करण्यात गेली होती. लोखंडाच्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे म्हणा किंवा मुळातच तसे म्हणा, जगातली कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय त्यांना पटत नसे. मडकं वाजवायचे, ते सगळेच वाजवतात. पण ते दार वाजवायचे, आत कोणाला बोलावायला नव्हे, लाकूड कसं आहे ते बघायला. नवी स्कूटर कोणी आणली की मडगार्डवर टिचकी. गल्लीतले छत्तीसगढी शेजारी त्यांना ठणठण कका म्हणत आणि ओट्यावर बसल्या बसल्या विचारत, "आज का बजावत हव कका?" काकांना त्याचा राग नव्हता. उलट ते थांबून सविस्तर सांगत.

आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा, हे सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात टरबूजवाल्याची गाडी आली की काका अर्धी गाडी वाजवून एक टरबूज निवडत. घरी कापलं की आत पांढरंफटक. काकू कपाळाला हात लावत. काका ती पांढरी फोड मीठ लावून शेवटपर्यंत खात आणि म्हणत, "वाजलं तं बरोबर होतं. घरी आणता आणता बदललं."

त्यांच्या मुलीला बघायला एकदा राजनांदगावकडचा एक मुलगा आला होता. चहा झाला, पोहे झाले. काकांनी टेबलावरचं त्याचं हेल्मेट उचलून वाजवलं. "पोकळ आहे," म्हणाले.

मुलगी पोह्याच्या बशा उचलत होती. ती म्हणाली, "बाबा, हेल्मेट पोकळच रायते. डोकं कुठी ठेवन तो?"

ते स्थळ काही जमलं नाही. ताईला, म्हणजे त्या मुलीला, त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. एकुलती एक होती, तिशीला आलेली, आणि बापाशी बरोबरीने बोलणारी. त्या दोघांची दिवसभर जुगलबंदी चाले आणि वरच्या खोलीत आम्हा नवराबायकोला फुकट करमणूक. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हाच आवाज त्या घरातून गेला, आणि तो माझ्यामुळे गेला.

काकांचा एक छंद मात्र चोख होता. पहिला बोनस मिळाला तेव्हा ते दुर्गच्या सराफ्यात गेले आणि इंग्रजांच्या काळातला चांदीचा एक राणीछाप रुपया घेऊन आले. त्यानंतर दर धनतेरसला एक. सराफाच्या दगडी पायरीवर एकेक रुपया टाकून ऐकायचे आणि आवाज पटेल तोच घ्यायचे. साल बघत नसत, भाव फारसा करत नसत. टरबुजाच्या बाबतीत धोका देणारा कान चांदीच्या बाबतीत कधी चुकला नाही. खोटा रुपया त्यांच्याकडे एकही निघाला नाही. हे रुपये ते प्लांटकडून मिळालेल्या एका लोकरी मोज्यात ठेवायचे. त्यावरच्या राजाराण्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि जाणून घ्यायचीही नव्हती. बाई, टकलू आणि दाढीवाला, अशी त्यांची वर्गवारी. "यंदा टकलू भेटला," असं ते दिवाळीत आनंदाने सांगत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोजा सुटायचा. गल्लीतल्या ज्या घरी चांदीचा रुपया नसेल, त्या घरी पूजेसाठी काका एक रुपया देत. मराठी घर, छत्तीसगढी घर, तेलुगू घर, काही भेद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फिरून परत गोळा करत आणि प्रत्येक घरच्या ओट्यावर तो टाकून वाजवून घेत. आपल्याला चोर समजतात म्हणून एक-दोन घरं दुखावलीही. समोरची बाई एकदा म्हणाली, "कका, हमन खा डारेन का?" काका म्हणाले, "खाल्ला नाही तं वाजन. कावून घाबरतेस?"

त्या रुपयांना पाणी लावायची बंदी होती. हळदीकुंकू, गुलाल, निरांजनाची काजळी, जे लागेल ते तसंच. "पूजेतून उठलेला आहे," ते म्हणत, "त्याचं तोंड कावून धुवायचं?" त्यामुळे ते रुपये रुपयांसारखे दिसतच नसत. वर काळा थर, खाचांमध्ये लाल-पिवळं. काकू वैतागून म्हणायच्या, "चांदी घेतली का कोळसा घेतला, देव जाणे."

आता मूळ गोष्टीवर येतो. इतकी वर्षं ती टाळली.

ताई एका कोचिंगच्या होस्टेलात मेसचं काम बघायची. भिलाईला बाहेरगावची मुलं शिकायला येतात, घरच्या जेवणाला आसुसलेली असतात. तिला स्वतःची मेस काढायची होती, घराच्या पुढच्या खोलीत. जागा होती, हाताला चव होती, मुलं यायला तयार होती. नव्हतं ते सामान. मोठ्या शेगड्या, पातेली, फ्रीज, बाकं, अंगणात पत्र्याची शेड. काकांच्या रिटायरमेंटचा पैसा घर बांधण्यात गेलेला. उरला तो मोजा.

ती थेट बोलली. मी तिथेच पायरीवर पेपर वाचत बसलो होतो.

"बाबा, रुपये विकू."

काका उठले, मोजा आणला, एक रुपया काढून फरशीवर टाकला, ऐकला. दुसरा टाकला. असे सगळे. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, उत्तर द्या ना पोरीले!" शेवटचा रुपया मोज्यात गेल्यावर काका म्हणाले, "विकू."

एवढंच. खणखणीत. ताईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मनातून?"

"विकू म्हणलं ना."

नाण्यांची माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात नीट चालणारा फोन माझाच. मी फोटो काढून रायपूरच्या एका व्यापाऱ्याला पाठवले. जुनी नाणी घेणारा, विकणारा. त्याचा लगेच फोन आला. बाकीचे बरे आहेत म्हणाला, पण एका राणीछापाचं साल सहसा मिळत नाही, त्यासाठी शौकीन लोक चांगली किंमत देतात. रविवारी येतो म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "भाईसाहब, एक बात का ध्यान रखना. इनको साफ मत करना. जैसे हैं, वैसे ही रहने देना."

हे त्याने सांगितलं होतं. साध्या हिंदीत, स्वच्छ आवाजात. मला ऐकू आलं नाही किंवा समजलं नाही असं काही झालं नाही.

मला वाटलं, हा भाव पाडतो आहे. काळे रुपये समोर ठेवायचे आणि त्याने म्हणायचं, माल खराब आहे. आपल्याकडे भंगारवालासुद्धा बादली हातात घेऊन आधी तोंड वाकडं करतो. शिवाय माझा जन्म प्लांटमध्ये घासण्यात गेलेला. बडे साहेब पाहणीला येणार म्हटलं की आमच्या शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, खांबसुद्धा धुतात, रेलिंगला रंग लावतात, जमिनीवर नवे पिवळे पट्टे मारतात. येणाऱ्यासमोर चकचकीत ठेवायचं, हेच आम्ही शिकलो. पाहुणे बघायला येणार तर मुलीला तोंड धुवूनच बाहेर आणतात ना, असंही मी मनाशी म्हटलं.

शनिवारी काका आणि काकू अहिवाऱ्याला एका साखरपुड्याला गेले होते, ताई होस्टेलात. मोजा माझ्याकडेच होता, फोटोंसाठी दिलेला. दुपारभर मी आणि माझी बायको दंतमंजन आणि जुने ब्रश घेऊन बसलो. बायको एकदा म्हणाली, "काका चिडतील. ते तर धुवूही देत नाहीत." मी म्हटलं, "भाव मिळाल्यावर कोणी चिडत नाही." त्या खास राणीछापाला तर मी वर कपड्याने पॉलिश मारलं. त्यात तोंड दिसत होतं. मोजा बांधून संध्याकाळी काकांना परत दिला. काही सांगितलं नाही. उद्या सगळ्यांदेखत उघडेल आणि वा म्हणतील, असं माझं चित्र.

रविवारी व्यापारी आला. गोल चष्मा, हातात भिंग, मऊ बोलणारा. ताईने त्याच्यासाठी खास साबुदाणा वडे केले होते. काकांनी मोजा सतरंजीवर उलटा केला.

लख्ख. जणू आजच टाकसाळीतून आले असावेत. व्यापाऱ्याने एक उचलला, भिंगाखाली धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग तो खास राणीछाप शोधला, बराच वेळ पाहिला आणि चष्मा काढला.

"किसने घिसा?"

त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"मैंने मना किया था ना? पूरा फेस खरोंच गया. वो जो ऊपर काला था, वही तो इसकी उमर थी. अब कोई शौकीन हाथ नहीं लगाएगा. अब ये चाँदी है, बस. तौल के भाव जाएगी."

काकांनी रुपयांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एकदाच. मी तेव्हा सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होतो.

"मीच घासले," काका म्हणाले. "मले काळं आवडत नाही."

व्यापाऱ्याला मराठी कळली असावी. त्याने हात जोडले, वडा न खाताच निघाला. तो दाराबाहेर पडेपर्यंत ताई थांबली. मग म्हणाली, "बाबा, जिंदगीभर पाणी लागू दिलं नाही. आनं विकायच्या आदल्या दिवशी घासले? नाही म्हणायचं होतं तं तोंडानं म्हणायचं होतं. मी जबरदस्ती केली होती का?"

काका एकेक रुपया मोज्यात भरू लागले. ती वड्यांचं ताट उचलून आत गेली.

मी तिथे होतो. बोलायला एक वाक्य लागत होतं.

दुसऱ्या दिवशी काका गच्चीवर पाण्याची टाकी वाजवत होते. टाकी प्लास्टिकची, काही कळेना, म्हणून चिडलेले. "प्लास्टिकले जीवच नाही." मी जवळ गेलो आणि सगळं सांगितलं. फोनवरचं बोलणंसुद्धा. पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं.

"बायकांसारखा रडून कावून राहिला बे? ऐक. तो माणूस म्हणला ना, आता कोणी घेणार नाही. तवा मले कसं वाटलं सांगू? बरं वाटलं. आतून. पोरगी समोर उभी, तिची मेस डुबून राहिली, आनं हा बाप आतून खूश. मग घासले कोणी? तू घासले का मी, काय फरक पडते?"

"काका, पण ताईला वाटतं तुम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम नाही केलं. पण व्हावं असं वाटत होतं. तिनं बरोबर पकडलं मले. आता तू मधात येऊ नको. सांगायचं नाही तिले."

मी सांगितलं नाही. त्यांनी मनाई केली होती, हे खरं. पण मी त्यांच्या शब्दाला जागलो असं कोणी समजू नये. मला ते सोयीचं होतं. भाडं कमी होतं, शेजार चांगला होता आणि ताई माझ्याशी पूर्वीसारखीच हसून बोलत होती.

तोलाच्या भावाने रुपये विकायचं नाव ताईने पुन्हा काढलं नाही. मेस मात्र काढली. दोन वर्षं उशिरा, बँकेच्या कर्जावर, आधी एका शेगडीवर. होस्टेलची नोकरी करून पहाटे आणि रात्री स्वयंपाक. हातांवर तेलाचे डाग पडले. मग हळूहळू शेड आली, बाकं आली. चालली मेस, चांगली चालली. फक्त बापलेक बोलत नव्हते. अगदी अबोला नाही, घरात राहायचं म्हणजे तेवढं बोलावं लागतंच. पण जुगलबंदी संपली. काका दुपारी मेसमध्ये पोरांच्या रांगेत शेवटच्या बाकावर जेवायला बसायचे. भाजी चाखून समोरच्या भिंतीला सांगायचे, "मीठ कमी आहे." ताई त्यांच्याकडे न बघता मिठाची वाटी आणून ठेवायची. मीठ कमी नसायचं. तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ती वाटी तेवढ्यासाठी यायची.

मी शेजारच्या बाकावर हे रोज पाहायचो आणि माझ्या पोळीवर ती तूप जास्त घालायची.

पुढे रुआबांध्याकडे मला प्लांटचं क्वार्टर मिळालं. लांब पडतं, पोरांच्या शाळा, अशी कारणं सांगून आम्ही गेलो. सुटलो असं वाटलं, हे आज कबूल करतो. काका गेले ते एका हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. मी खांदा द्यायला होतो. ताई रडली नाही. त्यानंतर काकूही फार दिवस जगल्या नाहीत.

या वर्षी चांदीचा भाव असा काही चढला की आमच्या शॉपमध्ये चहाच्या सुट्टीतसुद्धा तोच विषय. कोणी बायकोचे पैंजण विकले, कोणी विकून पस्तावला. अशातच ताईचा फोन आला.

"भाऊ, बाबांचे रुपये काढले. विकू का ठेवू? तुमाले त्यातलं समजते."

त्यातलं समजते! मी रविवारी गेलो. मेस बंद होती. टेबलावर रुपये मांडलेले, इतक्या वर्षांत पुन्हा थोडे काळवंडलेले. ती मेथी निवडत बसली होती.

"लोक म्हणून राहिले, ठेवा, आणखी वाढन," ती म्हणाली. "मेरे को नहीं रखना. शेजारची जागा भेटून राहिली, पोरींसाठी वेगळी मेस काढते. आनं खरं सांगू? हे घरात दिसले की मले तोच रविवार दिसते. माह्यापेक्षा बाबांले हे प्यारे होते. गाळून टाकले की डोळ्यांसमोरून तं जातीन."

तिने विकावे की ठेवावे, हा प्रश्न माझ्यासाठी तिथेच संपला. या रागावर तिला विकू दिलं तर काका दुसऱ्यांदा खोटे ठरणार होते, आणि या वेळी बोलायला ते नव्हते.

मी म्हटलं, "ताई, रुपये मी घासले होते."

तिचे हात थांबले नाहीत. मी सांगत गेलो. दंतमंजन, बायको, अहिवाऱ्याचा साखरपुडा.

"त्यानं फोनवर सांगतलं होतं तुमाले? घासू नका म्हणून?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, भाव पाडतो आहे."

ती हसली. छोटंसं, नाकातून. "प्लांटवाले," म्हणाली.

मग मी गच्चीवरचंही सांगितलं. ते गाळता आलं असतं. बाप निर्दोष होता, एवढंच सांगून चांगला शेवट करता आला असता. पण निम्मं सांगायची सवय मला फार महागात पडली होती. काका आतून खूश झाले होते, हे मी त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

आता मात्र तिने मेथी खाली ठेवली.

"म्हणजे मी काही खोटी नव्हती," ती म्हणाली. "त्यायच्या मनात नव्हतंच विकायचं."

"नव्हतं."

"तरी विकू म्हणले."

"हो."

"मनात नसून माह्यासाठी हो म्हणले. आनं मी समजत होती, हो म्हणून दगा देल्ला." तिने ओढणीने डोळे नाही, हात पुसले. "भाऊ, तुमी तवाच सांगतलं असतं तं मी बाबांसंगं भांडली असती. खूप भांडली असती. पण भांडली असती ना. इथं मिठाची वाटी ठेवत बसली मी."

मी मेथीची देठं गोळा करत राहिलो.

ती उठली. रुपये गोळा केले, स्टीलच्या डब्यात भरले. मला वाटलं, आता ठेवणार. कोणीही ठेवले असते.

"चला दुर्गले," ती म्हणाली. "विकते."

"अजून?"

"बाबांनं हो म्हणलं होतं. जिवावर आलं तरी म्हणलं होतं. ते हो मधातच अडकून राहिलं, तुमच्यापायी आनं माह्यापायी. ते मी पुरं करते. पोरींच्या मेसले पहिली शेगडी बाबांच्या रुपयाची."

सराफ्यात तिने भाव असा केला की सराफाने शेवटी पंखा स्वतःकडे वळवला. काट्यावर रुपये ठेवायला तिने मला लावलं. एकेक, हाताने. मी ठेवले. एकही परत घेतला नाही तिने.

परतताना कोहक्याच्या वळणावर ती ऑटोतून उतरली, पर्स सावरली आणि वाकून म्हणाली, "काही दिवस येऊ नका भाऊ. मले तुमचा राग करू द्या थोडा. मी बोलावीन."

अजून बोलावलेलं नाही. पण बोलावेल. त्या घरची माणसं एकदा हो म्हणाली की, जिवावर आलं तरी, ते होच असतं.